कोरोनाच्या हिवाळ्यात हुरडा: आपल्या माणसांसोबत शेतावरचा एक निवांत दिवस कसा आखावा

गेल्या मार्चपासून आपण एकमेकांना बहुतेक वेळा मोबाईलच्या पडद्यावरच भेटतोय. गणपतीची आरती व्हिडिओ कॉलवर झाली, दिवाळीचा फराळ दारात ठेवून माणसं जिन्यावरूनच परत गेली. आता जानेवारी २०२१ उजाडलाय. रुग्णांचा आकडा सप्टेंबरच्या मानानं बराच खाली आलाय आणि १६ तारखेपासून डॉक्टर, नर्स, आशाताईंना लस द्यायला सुरुवातही झालीय. तरी आपल्या दंडापर्यंत लस यायला अजून वेळ आहे आणि जवळपास प्रत्येक घरात साठी-सत्तरीचं कुणीतरी आहे. अशा वेळी "एकदा सगळे भेटूया" असं कुणी म्हटलं की हॉटेल, हॉल नाहीतर कुणाचा तरी फ्लॅट ही ठिकाणं पुढे येतात. बंद खोलीत तासन्‌तास बसून खाणं-बोलणं हाच तर या आजाराचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. माझ्या मते या दिवसांत भेटायची योग्य जागा एकच आहे, शेत. आणि निमित्तही दारात उभं आहे, कारण रब्बीची ज्वारी हुरड्यावर आलीय.

हुरडा मुळातच उघड्यावर खायचा पदार्थ आहे. तो निखाऱ्यातून थेट ताटात येतो, त्याला छप्पर लागत नाही आणि ऊन उतरायच्या आत सगळं आटोपतं. पण आपल्या नेहमीच्या पद्धतीत तीन गोष्टी अशा आहेत की यंदा त्या बदलायलाच हव्यात. एकाच आगटीभोवती, म्हणजे कणसं भाजायच्या गोवऱ्यांच्या विस्तवाभोवती, सगळ्यांनी खेटून बसणं, चोळलेल्या हुरड्यातला कोंडा तोंडानं फुंकून उडवणं आणि एकाच परातीत सगळ्यांनी हात घालणं. या तिन्हींची सोय आधीच लावून ठेवली, तर दिवसभर कुणाला टोकावं लागत नाही की कुणाच्या मनात धास्ती राहत नाही. निवांतपणा असा आठवडाभर आधीपासून तयार करावा लागतो. तो कसा, ते क्रमानं सांगते.

यजमानांना आधी विचारा, मग माणसं मोजा

आपण बहुतेकदा उलटं करतो. आधी ग्रुपवर ठरवतो, गाड्या भरतो आणि मग गावाकडच्या मामांना फोन करतो, "आम्ही येतोय." यंदा असं करू नका. गेल्या एप्रिलमध्ये कितीतरी गावांनी वेशीवर बांबू आणि काट्याकुट्या आडव्या टाकल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला तेव्हा त्याचा राग आला, पण त्या भीतीला कारण होतं. गावात फार तर प्राथमिक आरोग्य केंद्र असतं आणि श्वासाचा त्रास झाला की तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी धावावं लागतं. त्यामुळे या दिवसात जास्त जपायचं आहे ते आपल्याला बोलावणाऱ्यांना. शहरातून गावाकडे आजार घेऊन जायची शक्यता आपलीच जास्त आहे.

म्हणून फोन असा करा: "मामा, एक दिवस रानात यायचं मनात आहे. तीन घरांची मिळून दहा-बारा माणसं होतील. घरात येणार नाही, रानातच बसू, जेवण आमचं आम्ही आणू. आजीला आणि मामीला विचारून दोन दिवसांनी सांगा. नको वाटलं तरी अजिबात राग नाही." यातलं मामीला विचारणं फार महत्त्वाचं. पाहुणे आले की भाकऱ्या थापायच्या तिला, पाणी भरायचं तिला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजीही तिलाच. होकार मामांच्या तोंडून आला तरी तो तिचा असायला हवा. शेतावर कामाला असलेल्या माणसांचाही विचार करा. गडी-माणसं आगटी लावायला, कणसं आणायला मदत करणार असतील तर त्यांच्यासाठीही स्वच्छ मास्क न्या आणि अंतराचा नियम त्यांच्यासाठीही पाळा.

माणसं ठरवताना डोकी मोजू नका, घरं मोजा. एका छताखाली रोज एकत्र जेवणारी माणसं म्हणजे एक घर. अशी तीन घरं पुरेत: यजमानांचं, तुमचं आणि एका मित्राचं किंवा बहिणीचं. चौथं घर आलं की अंतर ठेवणं अवघड होतं आणि पुढे कुणी आजारी पडलं तर निरोप पोहोचायलाही वेळ लागतो. ज्यांना बोलावता आलं नाही त्यांना साधा फोन करून सांगा की यंदा तीनच घरं करतोय. ग्रुपवरच्या फोटोतून त्यांना कळलं, तर ते मनाला लागतं.

आदल्या संध्याकाळचा फोन

प्रत्येक घरातल्या एका माणसानं आदल्या दिवशी संध्याकाळी बाकी दोन घरांना फोन करायचा. आपल्या घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सांगायचं: कुणाला ताप, खोकला, घसा दुखणं, अंग मोडून येणं, जुलाब, वास किंवा चव जाणं यातलं काही आहे का? गेल्या चौदा दिवसांत कुणी पॉझिटिव्ह माणसाच्या जवळ गेलं होतं का? एक जरी "हो" असेल तर ते अख्खं घर येत नाही. फक्त तो माणूस थांबून बाकीचे आले असं चालत नाही, कारण एका घरात लागण फिरायला वेळ लागत नाही. गोळी घेऊन ताप उतरवून यायचा विचार तर मनातही आणू नका.

हा फोन खरा व्हावा, यासाठी आधीच सांगून ठेवा की जे घर येऊ शकणार नाही त्याच्या दारात संध्याकाळी हुरडा पोहोचेल. न येणाऱ्याला कमीपणा वाटला नाही की तो खरं सांगतो. नाहीतर "नुसता सर्दीचा खोकला आहे" म्हणत माणसं येतात.

कपाळावर धरायचं थर्मामीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हल्ली बऱ्याच घरांत आलेत. जरूर वापरा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो आणि काहींना तर लक्षणं येतच नाहीत. म्हणून आकडे चांगले आले तरी अंतर ठेवायचंच.

आणखी एक. कोरोना होऊन बरं झालेलं कुणी येणार असेल, तर बऱ्याचदा त्यांचा दम अजून पूर्ण भरलेला नसतो. दहा पावलं चढ चालून गेलं तरी धाप लागते. गाडी शेताच्या बांधापर्यंत जाते का, पाठ टेकून बसता येईल अशी खुर्ची किंवा बाज मिळेल का, हे आधी विचारून ठेवा. आणि त्यांना आगटीच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवा. दमा असलेल्यांचंही हेच.

दिवस कोणता, रान कुठलं

१५ जानेवारीला राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक झाली आणि १८ तारखेला निकाल लागले. गावागावांत गुलाल उधळला गेला, माणसं गर्दीत मिसळली. तेव्हा लगेच न जाता मध्ये आठ-दहा दिवस जाऊ देणं शहाणपणाचं. २६ जानेवारीच्या सुट्टीला रस्ते भरलेले असतात, आणि २७ पासून पाचवी ते आठवीच्या शाळा उघडायचं सरकारनं ठरवलंय. घरून काम करणारे असाल तर सरळ आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवसाची रजा टाका. जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला, एवढाच काय तो अवधी.

खरा दिवस मात्र कणीस ठरवतं. दाणा नखानं दाबून पाहायचा. पांढरं दूध बाहेर आलं तर अजून चिकात आहे, चार-सहा दिवस थांबा. नख रुतलं, दाणा मऊ लागला पण फुटून वाहिला नाही, तर हुरडा झाला. नख रुतेनासं झालं की ती ज्वारी आता भाकरीची. ही मधली अवस्था एका पेरणीत जेमतेम आठवडाभर टिकते, म्हणून शेतकऱ्याला विचारूनच तारीख पक्की करा. वाणाचंही विचारा. सुरती, गूळभेंडी, कुचकुची हे खास हुरड्याचे वाण. दाणा गोड आणि कणसातून सहज सुटणारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठीच काढलेला फुले उत्तरा हा वाणही बरेच जण लावतात. मालदांडी ही मूळची भाकरीची ज्वारी. तिचाही हुरडा खातात, पण ती चोळायला हात दुखतात.

रान असं निवडा की सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल. मुक्काम नको, कारण रात्री थंडीनं दारं-खिडक्या बंद करून एका खोलीत झोपावं लागतं आणि दिवसभराची काळजी तिथे वाया जाते. पुणेकरांना शिरूर-श्रीगोंद्याची बाजू सोयीची, सोलापूरकरांना मोहोळ आणि ज्वारीसाठी नाव असलेलं मंगळवेढं. नगर आणि औरंगाबादकडच्यांना तर गावाबाहेर पडलं की ज्वारीच ज्वारी.

ओळखीचं शेत नसेल आणि पैसे देऊन कृषी पर्यटन केंद्रात जायचं असेल, तर फोनवर तीन प्रश्न विचारा. त्या दिवशी एकूण किती माणसं आहेत? आमच्यासाठी वेगळी आगटी मिळेल का? जेवण पत्र्याच्या शेडमध्ये पंगतीत की झाडाखाली? तिसऱ्याचं उत्तर "शेडमध्ये" आलं तर दुसरं ठिकाण बघा. सेल्फी पॉइंट, बैलगाडी आणि डीजे असलेल्या जागा यंदा तरी सोडूनच द्या. मोठ्या आवाजात ओरडून बोलावं लागलं की तोंडातून उडणारे थेंबही वाढतात.

प्रवास

एक घर, एक गाडी. पेट्रोल वाचवायला दोन घरं एका गाडीत कोंबू नका. दोन तास बंद काचांमध्ये बसणं शेतावरच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त धोक्याचं. सकाळी गारठा असला तरी मागची एक काच चार बोटं उघडी ठेवा. जिल्हा ओलांडायला लागणारा ई-पास सप्टेंबरपासून बंद झालाय, त्यामुळे कागदपत्रांची कटकट नाही. चहा थर्मासमध्ये न्या, म्हणजे टपरीवरच्या घोळक्यात उभं राहावं लागणार नाही.

काय न्यायचं

शिदोरीचा यंदाचा नियम असा की प्रत्येक घर आपापलं जेवण आणि आपापली भांडी नेईल. ऐकायला रुक्ष वाटतं, पण यातूनही मजा काढता येते. मेनू एकच ठरवा. तिन्ही घरांत भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत आणि ठेचा. मग कुणाचा ठेचा जास्त झणझणीत यावर गप्पा रंगतात आणि डबे मात्र ज्याचे त्याच्याकडे राहतात. चव द्यायचीच असेल तर खायला सुरुवात करायच्या आधी, स्वच्छ चमच्यानं, वेगळ्या वाटीत काढून द्या.

हुरड्यासोबतच्या गोष्टी मात्र विसरू नका: शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, जवस किंवा कारळाची चटणी, गूळ, दही. चटण्या घरूनच छोट्या डब्यांत किंवा कागदी द्रोणांत माणशी वेगळ्या भरून आणल्या, की एकाच वाटीत दहा हात जात नाहीत. दही विरजताना थेट छोट्या मातीच्या कुल्हडांत किंवा स्टीलच्या वाट्यांत लावलं तर फारच छान. संक्रांत होऊन गेली असली तरी रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. वड्या कागदात एकेक गुंडाळून न्या. हातात हात न घेता, कागदातली वडी पुढे करून "तिळगूळ घ्या" म्हटलं तरी गोडवा कमी होत नाही.

मांसाहाराचा बेत असेल तर यंदा आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं याच महिन्यात स्पष्ट झालंय. पूर्ण शिजवलेलं चिकन आणि अंडी खायला हरकत नसते, पण रानात कच्चं मांस धुणं-कापणं आणि अर्धवट शिजायची भीती, यापेक्षा त्या दिवशी शाकाहार बरा. हुरड्याच्या शेतावर तोच शोभतोही.

बाकीचं सामान: प्रत्येक घराची सतरंजी, प्रत्येकाची नाव लिहिलेली पाण्याची बाटली, साबण, तोटीचा पाण्याचा कॅन, नॅपकिन, प्रत्येकी दोन मास्क (एक धुरानं, घामानं ओला होतोच), एक सूप किंवा मोठी चाळणी, जाड गोणपाटाचे तुकडे, चिमटा आणि कचऱ्याची पिशवी. टोप्या आणि ओढण्या न्या. जानेवारीत सकाळी हुडहुडी भरते आणि दुपारी ऊन चटकतं.

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

उतरल्या उतरल्या गळाभेटी सुरू होतात आणि तिथेच सगळं फिसकटतं. नमस्कार लांबून करायचा हे गाडीतच मुलांना सांगून ठेवा आणि आजीला आधी फोनवर सांगून ठेवा, म्हणजे नातवंडं धावत आली नाहीत याचं तिला वाईट वाटणार नाही.

मग जागा लावा. मूठभर माती किंवा भुसा वरून सोडून वारा कुठून कुठे वाहतोय ते बघा. सतरंज्या वाऱ्याला आडव्या रेषेत, एकमेकींपासून आठ-दहा फुटांवर टाका, म्हणजे एका घरावरून गेलेला वारा दुसऱ्या घरावर येत नाही. आगट्या सतरंज्यांच्या खालच्या बाजूला, म्हणजे धूर पलीकडे जातो. झाडाची सावली दुपारी सरकेल, हे लक्षात ठेवून पूर्वेकडे थोडी जागा सोडा. आंब्याचं किंवा चिंचेचं मोठं झाड असेल तर उत्तम. पण आगटी झाडाच्या अगदी खाली किंवा उभ्या ज्वारीच्या कडेला नको. वाळलेला पाला पेटायला एक ठिणगी पुरते.

हात धुवायची जागा सतरंज्यांकडून आगटीकडे जाताना वाटेतच ठेवा. कॅनला तोटी असली की कुणाला तांब्या हातात घ्यावा लागत नाही. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. सॅनिटायझर आगटीजवळ अजिबात नेऊ नका. त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं. हातावर ओलं असताना निखाऱ्याशी गेलात तर हात भाजतो, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत धड दिसतही नाही. मुलांच्या खिशातल्या छोट्या बाटल्या काढून गाडीत ठेवा. शेतावर साबण आणि पाणीच चांगलं. राखेनं काळे झालेले हात सॅनिटायझरनं तसेही स्वच्छ होत नाहीत.

स्वच्छतागृह यजमानांच्या घरचं वापरावं लागेल. एका वेळी एकानंच जायचं, मास्क लावून, आणि बाहेर येताना खिडकी-दार थोडा वेळ उघडं ठेवायचं. दिवसभरात बंद जागेत आपण जातो ती एवढीच.

आगटी

आता मुख्य काम. प्रत्येक घराला एक आगटी. तीन आगट्यांना खड्डे जास्त खणावे लागतात, गोवऱ्या जास्त लागतात, पण त्यानं सगळे प्रश्न एका फटक्यात सुटतात. आपल्याच माणसांनी भाजायचं, आपल्याच माणसांनी चोळायचं आणि आपणच खायचं. मधे परक्या हाताचा प्रश्नच उरत नाही.

जमिनीत साधारण फूटभर खोल आणि दीड-दोन फूट रुंद खड्डा घ्या. तळाशी थोडं काड, त्यावर गोवऱ्या उभ्या रचा, आत हवा खेळेल अशी जागा सोडून. एका आगटीला वीस-पंचवीस गोवऱ्या जवळ असू द्या. पेटवल्यावर घाई करायची नाही. सुरुवातीला धूर येतो, मग जाळ होतो. जाळात कणीस धरलं तर ते वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. जाळ बसू द्या. गोवऱ्या लाल होऊन वर राखेची साय आली की आगटी तयार झाली. याला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात मुलांना घेऊन कणसं काढून आणा.

कणीस वीतभर दांड्यासकट काढायचं, म्हणजे धरायला मूठ राहते. माणशी पाच-सहा कणसं धरली तर कमी पडत नाहीत. एकदम सगळी काढू नका. काढलेलं कणीस उन्हात तासाभरात सुकायला लागतं आणि गोडी उतरते. लागतील तशी काढा.

आता तीन-चार कणसं गरम राखेत, फुफाट्यात खुपसा आणि वरून निखारे सारखे करा. दांडा बाहेर राहू द्या. दर अर्ध्या मिनिटानं फिरवत राहा. दोन-तीन मिनिटांत दाण्याचा हिरवा रंग गडद होतो, भाजल्याचा गोड वास सुटतो, एखादा दाणा तडकतो. लगेच बाहेर काढा. दगडावर किंवा काठीवर हलके आपटून राख झाडा.

चोळणं गरम असतानाच व्हायला हवं, गार झालं की दाणा बोंडाला धरून बसतो. गोणपाटाचा तुकडा तळहातावर घेऊन त्यात कणीस धरा आणि दाबून गोल फिरवा. जुनी-जाणती माणसं उघड्या हातानं चोळतात, त्यांचे तळवे तसे कसलेले असतात. आपले नाहीत. चोळणाऱ्यानं कोपरापर्यंत हात साबणानं धुवून बसावं आणि मास्क नाकावर ठेवावा.

चोळलेल्या हुरड्यात तूस आणि कोंडा असतो. नेहमी आपण तो हातावर घेऊन फुंकर मारतो. यंदा फुंकर बंद. सुपात घेऊन पाखडा. पाखडणं येत नसेल तर मामींना लांबून शिकवायला सांगा. दोनदा सांडेल, तिसऱ्यांदा जमेल. वाऱ्याला पाठ न करता बाजूनं उभं राहून सूप थोडं उंच धरलं तरी अर्धा कोंडा वाराच नेतो. आपल्या आधीच्या पिढ्यांनी खळ्यावर हेच केलंय. शहरात वाढलेल्या मुलांना या एका गोष्टीत जितका आनंद होतो तितका दुसऱ्या कशात क्वचितच होत असेल.

पाखडलेला हुरडा थेट ज्याच्या त्याच्या ताटलीत वाढा. मधे परात नको. आणि वाढल्याबरोबर खा. पहिला घास नुसता, मग गुळाबरोबर, मग चटणी-दह्याबरोबर. यजमानांच्या आजीला पहिली ताटली द्यायची असेल तर ती त्यांच्याच घरच्या आगटीवरची असू द्या.

हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये, ताक प्यावं असं जुनी माणसं सांगतात. हुरडा पचायला जड असतो आणि गप्पांच्या नादात किती खाल्ला ते कळत नाही. लहान मुलांना थोडा-थोडा द्या. साखर असणाऱ्यांनी गूळ आणि उसाला आवर घालावा. आगटी विझत आली की तिच्या राखेत रताळी पुरून ठेवा. जेवणानंतर ती आपोआप भाजून तयार असतात. हरभरा घाट्यावर आला असेल तर त्याचे डहाळे भाजून हावळा करता येतो.

दुपार

जेवताना मास्क निघतात, म्हणून अंतर सगळ्यात जास्त तेव्हाच पाळायचं. प्रत्येकानं आपापल्या सतरंजीवर, दुसऱ्या घराकडे तिरकं तोंड करून बसायचं. जेवण झालं की मास्क परत वर. लांब बसल्यानं आवाज चढवून बोलावं लागतं हे खरं, पण मोकळ्या रानात वारा असेल तर चालतं.

मुलांना खेळायला सोडा. विटीदांडू, पतंग, बांधावरून पळण्याची शर्यत, बोरं वेचणं. कबड्डी आणि लपंडाव नको, दोन्हींत अंगाला अंग लागतं. वेचलेली बोरं धुतल्याशिवाय तोंडात नाहीत. विहिरीच्या काठाशी मात्र एक मोठं माणूस सतत उभं हवं.

मोठ्यांसाठी काही कार्यक्रम ठरवू नका, हे आग्रहानं सांगते. भेंड्या लागल्या तर लागल्या, ज्यानं त्यानं आपल्या सतरंजीवरून गाणं म्हणावं. पण दुपार मोकळी ठेवायचं खरं कारण वेगळं आहे. या वर्षी प्रत्येकाच्या घरात काही ना काही घडलंय आणि ते बोलायला जागा मिळालेली नाही. कुणाचे वडील गेले आणि अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. कुणाच्या मुलीचं लग्न पन्नास माणसांत उरकलं. कुणाचा पगार अर्धा झाला, कुणाचं दुकान बंद पडलं आणि त्यानं अजून भावालाही सांगितलेलं नाही. दहाव्याला, तेराव्याला जाऊन नुसतं शेजारी बसायची आपली रीत आहे. ती या वर्षी मोडली. फोनवर "काळजी घ्या" म्हणून ठेवला जातो. शेतावर, झाडाखाली, पोट भरल्यावर माणूस आपोआप बोलायला लागतो. तेव्हा घाईनं सल्ला देऊ नका, विषय बदलू नका, मोबाईल खाली ठेवा. त्या माणसाच्या सतरंजीपासून सहा फुटांवर जाऊन बसा आणि ऐका. हात हातात घेता येत नाही, पण जवळ जाऊन बसलेलं त्यांना कळतं. ज्यांच्या घरात या वर्षी माणूस गेलंय, त्यांच्याशी आदल्या दिवशी बोलून घ्या की त्यांना यायला आवडेल का. काहींना गर्दीपेक्षा अशी छोटी भेट हवी असते, काहींना अजून काहीच नको असतं. दोन्हीला मान द्या.

जे आजी-आजोबा येऊ शकले नाहीत त्यांना व्हिडिओ कॉल करा, पण दोन मिनिटांचा नाही. फोन झाडाला टेकवून ठेवा आणि त्यांना आगटी दिसू द्या. कणीस कधी काढायचं ते त्यांनाच विचारा.

आवरताना

साडेचार-पाचला निघायची तयारी करा, म्हणजे अंधाराच्या आत मोठ्या रस्त्याला लागता. आगटी नुसती मातीनं झाकून जाऊ नका. राख वरून गार दिसते, आत निखारा रात्रभर जिवंत राहतो. पाणी ओता, काठीनं ढवळा, परत पाणी ओता, मग माती लोटा. मास्क, कागदी द्रोण आणि पिशव्या शेतात सोडू नका. बैलांनी किंवा शेळीनं प्लॅस्टिक खाल्लं तर जीव जातो. वापरलेले मास्क वेगळ्या पिशवीत बांधून आपल्यासोबत शहरात न्या.

यजमानांना कणसांचे पैसे द्या. नातं असलं तरी द्या. हुरड्यासाठी काढलेलं कणीस म्हणजे त्यांची भाकरी कमी झालेली असते आणि कडबाही थोडा वाया जातो. रोख देणं अवघड वाटलं तर मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी म्हणून द्या. गडी-माणसांचा दिवसही मोजून द्या.

न येऊ शकलेल्या घरासाठी हुरडा भाजून, पाखडून, पूर्ण गार करून सुती फडक्यात बांधा. गरम असताना डब्यात भरला तर घाम सुटून आंबतो. त्याच रात्री खायचा असेल तर तव्यावर थोडं तूप, मीठ आणि लसूण-मिरची घालून परतला की झालं. उरला तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी त्याचं थालीपीठ किंवा उसळ करा. पिशवी दाराच्या कडीला अडकवा, बेल वाजवा, चार पावलं मागे येऊन उभे राहा आणि दोन मिनिटं बोला.

पुढचे चौदा दिवस

घरी आल्यावर दिवस संपला असं समजू नका. लागण झाली असेल तर लक्षणं बहुतेकांना पाच-सहा दिवसांत दिसतात, काहींना चौदा दिवसांपर्यंत. तेवढे दिवस तिन्ही घरांचा एक वेगळा छोटा ग्रुप ठेवा. त्यात फोटो टाकायचे आणि कुणाला ताप आला, वास गेला, तर त्याच दिवशी लिहायचं, चाचणीच्या निकालाची वाट न बघता. "उगाच घाबरवायचं कशाला" असं वाटतं तेव्हाच मामांच्या घरातल्या आजीला वेगळ्या खोलीत झोपवायचे दिवस निघून जातात.

तसा निरोप आला तर बाकीच्या दोन घरांनी लगेच घरातच थांबायचं, दूधवाल्याला, कामाच्या मावशींना भेटीपासून चौदा दिवस होईपर्यंत येऊ नका असं सांगून त्यांचा पगार द्यायचा आणि भेटीच्या पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास आरटी-पीसीआर करून घ्यायची. त्याआधी केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होता येत नाही. यजमानांसाठी जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि तालुक्याच्या रुग्णालयाचा नंबर आधीच काढून ग्रुपवर टाकून ठेवा. त्यांच्याकडे ऑक्सिमीटर नसेल तर शेतावर जाताना एक नेऊन तिथेच ठेवा, आणि ९५ च्या खाली आकडा गेला तर वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं हे मामींना नीट दाखवून सांगा. ज्याला लागण झाली त्याला "तुझ्यामुळे" हा शब्द कुणीही ऐकवायचा नाही, हे मात्र निघायच्या आधीच, हुरड्याची तारीख ठरवतानाच, तिन्ही घरांत बोलून घ्या.